अम्माचा डावा कान

पनविळै,
९ मार्च १९७६

चि. पुष्पम हीस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तू नीट पोहोचलीस का? पहाटेच्या बसने गेलीस असं आमच्या सुयंबूने सांगितलं. मी उठून तुझ्या न्याहारीला पुट्टु लावला होता. तो तसाच राहिला आणि शेवटी गाईला घातला. सांगून निघाली असतीस तर ताडगूळ तरी बांधून दिला असता. अम्मा असताना तू या घरातून कधी रिकाम्या हाताने गेली नाहीस. त्या गेल्यावर पहिल्याच खेपेला तसं व्हावं, हे मला बरं वाटलं नाही.

घरात पाहुणे अजून आहेत. अम्मांची खाट मी धुऊन अंगणात उभी केली आहे. तुझे अण्णा तिच्याकडे पाठ करून बसतात.

शेंबगम आत्याबाई त्या सकाळी जे बोलल्या ते मनावर घेऊ नकोस. त्यांना चारचौघांत बोलायची सवयच आहे. माझ्या लग्नात भर मांडवात त्यांनी माझे कान ओढून लांबी बघितली होती आणि म्हणाल्या होत्या, "पोरीच्या तोंडापेक्षा कान बरे आहेत." तेव्हा मी रडले होते. आता हसू येतं.

एकोणीस तारखेला सोळाव्या दिवसाचं कार्य आहे. लेकीच्या हातचं पाणी लागतं. जावईबापूंना आणि कलैला घेऊन ये. काही आणू नकोस.

अम्मांचे ते जड पांबडम लाल फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवले आहेत. आईच्या कानातलं लेकीचं. आलीस की घेऊन जा.

तुझी,
चेल्लकनी वहिनी


मदुरै,
१२ मार्च १९७६

ती. वहिनींना पुष्पमचा नमस्कार.

मी सुखरूप पोहोचले. न सांगता निघाले याबद्दल माफ करा. घरात सगळे झोपले होते, उठवावंसं वाटलं नाही.

सोळाव्याला येणं जमेल असं दिसत नाही. शाळेत वार्षिक परीक्षा तोंडावर आहेत आणि माझ्याकडे दोन वर्ग आहेत. मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, त्यांनी नाही म्हटलं. लेकीच्या हातचं पाणी शास्त्राला लागत असेल तर अण्णांना माझ्या नावाने सोडायला सांगा.

पांबडम तुमच्याकडेच राहू द्या. तुमचे कान अम्मासारखेच आहेत, तुम्हाला शोभतील. माझ्या कानांत त्यांना जागा नाही.

आत्या खोटं काही बोलल्या नाहीत.

अण्णांना आणि मुलांना नमस्कार-आशीर्वाद.

आपली,
पुष्पम


पनविळै,
२१ मार्च १९७६

चि. पुष्पम हीस आशीर्वाद.

तू आली नाहीस. पान मांडताना भटजींनी विचारलं, "मुलगी कुठे?" मी सांगितलं, तिला ताप आहे. सगळ्यांनी मान हलवली आणि कुणालाही ते खरं वाटलं नाही. तुझी नणंद तुत्तुक्कुडीहून आली होती. ती दोनच दिवस आधी मदुरैच्या बाजारात तुला भेटली होती म्हणे.

मला फार शिकायला मिळालं नाही, पाचवी झाली तेवढीच. पण पत्र वाचता येतं. "पांबडम तुमच्याकडेच राहू द्या" हे तू कोणत्या मनाने लिहिलंस ते मला कळलं. तुला वाटतं की तांदळाच्या डब्यात मी ते लपवून ठेवले. मी अम्मांचं सगळं केलं म्हणून त्यांच्या कानातल्यावर माझा डोळा आहे. आत्याबाईंनीही तेच सुचवलं आणि मी हसून सोडून दिलं. पण तू?

तुझे अण्णा बुधवारी मदुरैला येतात. पांबडम त्यांच्याकडे देते आहे, दोन्ही. मोजून घे.

अम्मा गेल्या म्हणून हे तुझं माहेर राहिलं नाही असं तुला वाटत असेल, तर तसं सरळ लिही. मी वाट बघायची थांबेन.

चेल्लकनी


मदुरै,
२७ मार्च १९७६

ती. वहिनींना पुष्पमचा नमस्कार.

अण्णा आले होते. बाहेरच्या खोलीत बसले, अर्धी कॉफी प्यायले आणि डबा टेबलावर ठेवला. जेवून जा म्हटलं तर म्हणाले, "बस चुकेल." त्यांची बस संध्याकाळी असते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. जाताना दारात माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हाच सांगायला हवं होतं.

तुम्ही लिहिलंत ते खरं नाही. वाटणीचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. पण मी गप्प राहिले तर तुम्ही तेच धरून चालाल, म्हणून लिहिते. हे अण्णांना वाचून दाखवू नका.

तुम्ही तिथे होता. तरी तुम्ही दोन पत्रांत त्याचा एका शब्दाने उल्लेख केला नाहीत. तुमच्या मनाचा मोठेपणा, पण त्यामुळे मला जास्त लाज वाटते.

अम्माला आंघोळ घालून, हळद लावून ओटीवर ठेवलं होतं. आत्या म्हणाल्या, "आता कान मोकळे करा. लेकीनं करायचं." मी पुढे झाले. अम्माचे पांबडम मी जन्मात कधी काढले नव्हते. लहानपणी नुसता हात लावला तरी ती हातावर चापट मारायची. उजवा निघाला. डाव्याची फिरकी फिरेना. मागे सगळ्या बायका उभ्या होत्या, कुणीतरी म्हणालं, "अगं, सावकाश." मी जोर केला. पांबडम माझ्या हातात आला आणि अम्माच्या कानाची पाळी मधोमध तुटून दोन दोऱ्यांसारखी लोंबायला लागली. रक्त आलं नाही. ते मला सगळ्यांत भयंकर वाटलं.

मग आत्या म्हणाल्या, "सत्तर वर्षं जपले गं तिनं. पोरांना दूध पाजताना जपले, डोक्यावर भारे वाहताना जपले. एक ओरखडा नव्हता." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला ते कान नकोच होते. आधी स्वतःचे कापले, आता आईचे तोडले."

तुम्ही तांब्या घेऊन माझ्या शेजारी उभ्या होता. तुम्हीच वाकून अम्माचा पदर पुढे ओढलात आणि तिचा कान झाकलात. तुमचे ते उपकार मी विसरणार नाही.

आत्यांवर रागवायला मला तोंड नाही. माझेही कान वाढवायला घेतले होते हे तुम्हाला माहीत आहे. कान टोचणाऱ्या कोरवीण बाईने सुरीने भोक पाडलं ते मला आठवत नाही, तेव्हा मी पाळण्यात होते. मग कापसाचे बोळे, मग शिशाच्या कड्या, दर वर्षी एक जास्त. मला त्या कड्यांचं वजन आठवतं. पळताना गालांवर आपटायच्या. अम्माला त्याचा अभिमान होता, विहिरीवर ती बायकांना माझे कान दाखवायची. पाळयंकोट्टैच्या वसतिगृहात गेले तेव्हा ते खांद्याच्या वर दोन बोटं आले होते. तिथल्या मुली माझ्या कानांना झोपाळा म्हणायच्या. मी अभ्यास करत असले की मागून येऊन भोकात पेन्सिल अडकवून जायच्या. सुट्टीत घरी आले ती अप्पांच्या मागे लागले आणि इस्पितळात जाऊन कापून शिवून घेतले. अम्माने नर्सकडून कापलेले तुकडे मागून घेतले आणि मागच्या शेवग्याखाली पुरले. तुम्ही तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आला होता. माझ्या दोन्ही कानांना पट्ट्या बघून तुम्ही स्वतःच्या कानांवर हात ठेवलेत, ते मला अजून दिसतं.

तेव्हापासून दर खेपेला मी अम्माला म्हणायचे, आता कापून टाक. अर्ध्या तासाचं काम आहे, मी घेऊन जाते, शहरात कुणी असे कान ठेवत नाही. पोंगलला आले तेव्हाही म्हटलं, ती खाटेवर पडलेली असताना, कलैच्या समोर. ती म्हणाली, "माझे कान तुझ्या घरी जेवायला येतात का?"

मी मुद्दाम केलं नाही. पण फिरकी फिरत नव्हती तेव्हा मला त्या दागिन्याचा राग आला होता. त्या क्षणाला अम्मा गेलेली होती हेसुद्धा मी विसरले होते. मी त्या रागानेच ओढलं. हे मी यांनाही सांगितलेलं नाही.

आपल्याकडे तुटक्या कानाच्या बाईला लग्नाच्या मांडवात मागे बसवायचे. मी अम्माला तसं करून पाठवलं. मी कोणत्या तोंडाने त्या घरात येऊ? माहेर नको म्हणून नाही आले, वहिनी. त्या ओटीवर पाय ठेवायची लाज वाटते म्हणून नाही आले.

पांबडम कपाटात आहेत. मी डबा उघडलेला नाही.

आपली,
पुष्पम


मदुरै,
२ मे १९७६

ती. वहिनींना नमस्कार.

माझं पत्र मिळालं असेल. तुमचं उत्तर नाही. मला ते समजतं, आणि मी तुम्हाला त्यासाठी दोष देत नाही. शाळेला सुट्टी लागली आहे. कलै रोज विचारते की यंदा पनविळैला का जायचं नाही, ताडाची पदनी प्यायची आहे. मी तिला सांगितलं की आजी नाही तर तिथे काय आहे. सांगितल्यावर माझं मलाच ऐकवेना.

अण्णांची तब्येत कळवा. बाकी काही लिहू नका.

पुष्पम


पनविळै,
१४ मे १९७६

चि. पुष्पम हीस.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं आलं तेव्हापासून चुलीवरच्या फळीवर आहे, धुराने पिवळं झालं. उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे. हंगाम आहे, पदनी उकळायची असते, ताडगूळ पाडायचा असतो, मला वेळ कुठे, असं स्वतःला सांगत होते. तू परीक्षांचं कारण दिलंस ना, तसंच.

अम्मांचा कान तू तोडला नाहीस. मी तोडला.

शेवटच्या महिन्यात त्यांना कुशीवरही वळता येत नव्हतं. तू पोंगलला बघून गेलीस, त्यानंतर अजून वाढलं. त्यातल्या एका दिवशी सकाळपासून मी त्यांचं अंथरूण कितीदा बदललं ते मला आठवत नाही. शेवटचं बदलून मी हात धुवून भाताला बसले, एक घास घेतला, आणि त्यांनी हाक मारली. मी गेले. पुन्हा तेच. मी म्हटलं, "अम्मा, मला जेवू तरी द्या." मी त्यांच्या मानेखाली हात घातला आणि एका झटक्यात उचललं. त्यांचा डावा पांबडम खाटेच्या काथ्यात अडकला होता. मी बघितलं नाही. बघितलं असतं तरी, तेव्हाचा माझा हात थांबला असता की नाही, सांगता येत नाही. तो हात रागाचा होता.

त्या ओरडल्या नाहीत. कानाला हात लावला, बोटं डोळ्यांसमोर धरून बघितली आणि म्हणाल्या, "गेला?"

मी म्हटलं, "थोडा राहिलाय."

"मग बांध."

दोऱ्याएवढी पाळी उरली होती. मी हळद भरली, फडक्याने बांधलं, आणि मला रडू आवरेना. त्या म्हणाल्या, "तू कशाला रडतेस, कान माझा आहे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "शेंबगमला कळू देऊ नकोस. नाचेल ती. मला दोन्ही कानांनी घराबाहेर काढ, एवढं कर." मग म्हणाल्या, "आणि पुष्पमला मुळीच सांगू नकोस. तिला आनंद होईल."

त्या हसल्या, पुष्पम. किती दिवसांनी हसल्या. मग त्यांचं हसणं थांबलं आणि त्या शेवग्याकडे बघत म्हणाल्या, "आधी आनंद होईल. मग रडत बसेल. आणि रडली की तिचं डोकं दुखतं."

हे मी तुला सांगणार नव्हते. "आनंद होईल" एवढंच तुला कळेल आणि पुढचं कळणार नाही, अशी भीती वाटत होती. पण ते निमित्त होतं. मला माझंच सांगायचं नव्हतं.

त्या गेल्या तेव्हा, तू बसमध्ये असताना, मी दार लावून त्यांचा कान काळ्या दोऱ्याने बांधला, वर हळद थापली आणि पांबडम अडकवला. सगळं वजन दोऱ्यावर होतं. मी ठरवलं होतं की काढायला मीच पुढे होईन. पण आत्याबाई म्हणाल्या, लेकीनं करायचं, आणि तू आलीस. मी नुसतं "थांब" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माझ्या हातात तांब्या होता. मी तो घट्ट धरून उभी राहिले. तुझ्या बोटांत दोरा तुटला तो मला दिसला. आत्याबाई तुला बोलल्या ते मी ऐकलं. आणि मी वाकून पदर ओढला, तो अम्मांचा कान झाकायला नाही. तो दोरा झाकायला.

त्याला तू उपकार म्हणालीस. ती ओळ मी वाचते आणि पत्र परत फळीवर ठेवते.

दुसऱ्या दिवशी पहाटे तू निघालीस तेव्हा मी जागी होते. बंबाजवळ होते. तू चप्पल हातात घेऊन अंगण ओलांडलंस. मी हाक मारली नाही. तू गेलीस तर बरं, असं मला वाटलं. आणि मग पुट्टु वाया गेल्याचं तुला लिहिलं.

वाटणीचं जे लिहिलं त्याचीही लाज वाटते. तू गप्प का आहेस हे मला चांगलं ठाऊक होतं. पण तू माझ्यावर रागावली आहेस असं समजलं की मला सोपं जात होतं.

आता मला लिहू नका असं तू लिहिलंस तरी चालेल.

चेल्लकनी


मदुरै,
२४ मे १९७६

ती. वहिनींना पुष्पमचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून माझं डोकं दुखलं. अम्मा म्हणाली तसंच.

मला राग आला. तो लपवत नाही. तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होता आणि मला एकटीला सगळ्या बायकांच्या तोंडी दिलंत. अडीच महिने मी आरशासमोर वेणी घालताना स्वतःच्या कानांकडे बघू शकले नाही. वर्गात कुणी मुलगी कानातलं नीट करायला लागली की मी फळ्याकडे वळायचे. हे तुम्हाला माहीत असायला हवं म्हणून लिहिलं.

दोन दिवस मी तुम्हाला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मग मी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तुझ्या आईला उचललंस कधी?" त्यांनी सहज विचारलं, टोमणा नव्हता. मी आठवून बघितलं. मी तिला कधीच उचललं नाही. मी यायचे, खाटेशेजारी खुर्ची टाकून बसायचे, कान काप म्हणून सांगायचे आणि उत्तरपत्रिका तपासायच्या म्हणून निघून यायचे. अंथरूण बदलायची वेळ झाली की तुम्ही मला म्हणायचात, "तू जा बाहेर, तुझी साडी खराब होईल." मी जायचे.

माझ्या हाताला एका क्षणात राग आला. तुमच्या हाताला यायला किती दिवस लागले असतील.

तुम्ही कुणाला सांगू नका. तुम्हाला त्या गावात राहायचं आहे, आत्यांच्या शेजारी विहिरीवर उभं राहायचं आहे. मला नाही. गावाने माझं नाव घेतलंच आहे, ते माझ्यावरच राहू द्या. मी वर्षश्राद्धालाही येणार नाही, म्हणजे कुणाला काही विचारायची वेळ येणार नाही. पांबडम रजिस्टर पोस्टाने परत पाठवते. काल डबा उघडला. डाव्याच्या फिरकीत काळ्या दोऱ्याचा एक धागा अडकलेला आहे. मी तो काढला नाही.

तुम्ही मुलांना, अण्णांना सांभाळा. मला अधूनमधून लिहीत जा.

आपली,
पुष्पम


पनविळै,
३ जून १९७६

चि. पुष्पम हीस वहिनीचे आशीर्वाद.

पांबडम पोस्टाने पाठवायचे नाहीत. पाठवले असशील तर मी घेणार नाही, पोस्टमन परत आणून देईल.

कुणाला सांगू नका असं तू लिहिलंस, पण उशीर झाला. तुझं पत्र आलं त्याच दिवशी, ते हाती पडायच्या आधी, आत्याबाईंच्या नातीची कानटोचणी होती. सोनार आला होता, बारीक सोन्याची तार घेऊन. हल्ली तेवढंच टोचतात, मुगाएवढं. पोर मामाच्या मांडीवर बसून केळं खात होती, पुढे काय आहे याचा तिला पत्ता नव्हता. बायका भरपूर होत्या. आत्याबाईंनी सोनाराला सांगायला सुरुवात केली, "आमच्या वेळी कान म्हणजे कान होते. माझ्या भावजयीचे बघायला पाहिजे होतेस. सत्तर वर्षं जपले, आणि शिकलेल्या लेकीनं..."

मी म्हटलं, "आत्याबाई, तो कान पुष्पमने तोडला नाही. आधीच तुटला होता. माझ्या हातून. मी दोऱ्याने बांधला होता."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सोनाराने तार तशीच वर धरली होती.

आत्याबाई म्हणाल्या, "मग इतके दिवस तोंडात काय पदनी भरली होती?"

मी म्हटलं, "लाज भरली होती."

"आणि ती पोरगी सोळाव्याला आली नाही ती..."

"तुम्ही बोललात म्हणून. आणि मी बोलले नाही म्हणून."

तेवढ्यात सोनाराने टोचलं आणि पोरीने असा टाहो फोडला की पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. सगळ्या तिच्याकडे धावल्या. मामाच्या धोतरावर केळं. मी कोपऱ्यात उभी होते. माझ्याशी कुणी बोललं नाही, पान आलं तेही शेवटी. निघताना आत्याबाई माझ्यापाशी आल्या. मला वाटलं आता मारतील. त्यांनी माझा डावा कान हातात घेतला, लग्नात घेतला होता तसा, अंगठ्याने पाळी चाचपली आणि म्हणाल्या, "हा तरी नीट ठेव." तेव्हापासून विहिरीवर माझ्या आधी घागर भरतात आणि बघत नाहीत. बघतील कधीतरी. नाही बघितलं तरी चालेल.

तुझ्या अण्णांना मी घरी येऊन सांगितलं. ते ऐकून मागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा एवढंच विचारलं, "अम्मा ओरडली का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी अंगणातली खाट उचलली आणि आत आणून जागेवर ठेवली. त्या दिवसापासून ते तिच्यावरच झोपतात. काथा डावीकडे सैल झालाय, तो त्यांनी स्वतः ओढून बांधला.

आणखी एक तुला माहीत नाही. अम्मा तांदूळ धुतलेलं पाणी रोज शेवग्याला घालायच्या आणि म्हणायच्या, "पुष्पम, ऐकतेस ना?" मग घरातलं सगळं त्याला सांगायच्या. लिंगमच्या परीक्षेचं, गाय आटल्याचं, माझ्या हातच्या आमटीत मीठ जास्त झाल्याचं. मी एकदा म्हटलं, "झाडाला काय सांगता?" तर म्हणाल्या, "तिचे कान इथे आहेत, तर कुठे सांगू?" तू कान कापलेस म्हणून त्यांनी मनात काही धरून ठेवलं नव्हतं. त्यांना ते शेजारीच हवे होते, एवढंच.

आता माझं ऐक. मला मुलगी नाही. लिंगम आणि सुयंबू, दोघांना सदऱ्याचं बटण लावता येत नाही. उद्या मी गेले तर माझे कान कोण मोकळे करणार? आत्याबाई तोवर असतील असं वाटत नाही, आणि असल्या तरी मी त्यांना हात लावू देणार नाही. लेक नसली की नणंदेनं करायचं असतं. म्हणजे तूच. आणि तुला ते येत नाही.

तुझी चूक कुठे झाली ते मी बघितलं होतं. आधी तळहातावर पांबडमचं सगळं वजन घ्यायचं, पाळीवर काही ठेवायचं नाही. मग फिरकी गालाच्या बाजूला फिरवायची. तू आपल्याकडे फिरवत होतीस.

शाळा उघडायला अजून दिवस आहेत. कलैला घेऊन ये, पदनीचे शेवटचे दिवस आहेत. पांबडम बरोबर आण. तो धागा तू काढला नाहीस ते बरं केलंस, तो मी काढेन. मी ते घालून ओटीवर बसते, तू माझ्या कानातून काढ. आधी उजवा, मग डावा, जमेपर्यंत.

घाबरू नकोस. अम्मांना ओरडता आलं नाही. चुकलीस तर मी ओरडेन.

तुझी,
चेल्लकनी वहिनी